उजेडाची शिट्टी

आमच्या घरमालकांना उजेड ऐकू यायचा. हे सांगितलं की समोरचा माणूस समजल्यासारखी मान डोलावतो आणि विचारतो, "धारवाडचे ना? मग गाणारे असणार." गाण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. धारवाडात आंधळा माणूस दिसला की लोक आजूबाजूला तंबोरा शोधायला लागतात, याचा त्यांना मनस्वी संताप होता. कुणी फारच आग्रह केला, "अण्णा, एखादं पद म्हणा की," तर ते खरंच म्हणायचे. तो माणूस पुन्हा कधी आग्रह करायचा नाही.

आमच्या मळमड्डी भागात सगळे त्यांना अण्णाच म्हणत. लहानपणी तापात डोळे गेले होते. पुढं सगळी नोकरी एका बँकेत, टेलिफोन ऑपरेटर म्हणून. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी घरातला मोबाईल ते ड्युटीवर असल्यासारखाच उचलायचे, "बोला, कुणाशी जोडू?" घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. समोरच्यानं "अक्कांशी बोलायचंय" म्हटलं की अण्णा "लाईनवर राहा" म्हणत, फोनवर तळहात दाबून धरत आणि ओरडत, "अक्का, कॉल आहे तुझा!" अक्का मांडीला मांडी लावून शेजारी बसलेल्या असल्या तरी ओरडत.

मी तेव्हा धारवाडच्या एका हायस्कुलात गणित शिकवायला लागलो होतो. गाव अळणावरच्या बाजूचं, लग्न नवीन. अण्णांच्या वरच्या मजल्यावर जागा आहे असं कळलं म्हणून आम्ही दोघं बघायला गेलो. अण्णांनी आमचं गाव, जात, नोकरी काहीच विचारलं नाही. "दोघंही एकेक वाक्य बोला," म्हणाले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, घर छान आहे. बायकोही म्हणाली, घर छान आहे.

"तुम्हाला खरंच छान वाटतंय," अण्णा मला म्हणाले. "यांना नाही वाटत. का हो, काय कमी आहे?"

ती बिचारी गडबडली. शेवटी म्हणाली, "स्वयंपाकघरात उजेड जरा कमी आहे."

अण्णा खुर्चीत ताठ झाले. "अक्का, ऐकलंस? उजेड कमी आहे म्हणतात!" जणू आम्ही घरात साप पाहिला होता. आम्ही सामान घेऊन राहायला गेलो तोवर स्वयंपाकघराच्या छपरात दोन काचेची कौलं बसलेली होती.

ज्याला आयुष्यात उजेडाचा उपयोग नाही त्या माणसाला त्याचा एवढा सोस कसा, ते पुढं अक्कांनी सांगितलं. एकदा त्या देवळात गेल्या असताना बँकेतले एक जुने मॅनेजर अण्णांना भेटायला आले. अण्णांनी त्यांना बसवलं, स्वतः चहा केला, चिवडा दिला. गप्पा रंगल्या. दरम्यान सूर्य मावळला. आंधळ्या माणसाला दिवा लावा कसं म्हणायचं, म्हणून मॅनेजर संकोचून तसेच बसून राहिले. अक्का परत आल्या तर सगळं घर काळोखात आणि आतून दोन माणसांच्या हसण्याचा आवाज. त्यांनी बटण दाबलं. मॅनेजरांच्या पांढऱ्या शर्टावर चहा होता, आणि ते गेला बराच वेळ चिवडा समजून अण्णांच्या डब्यातली सुपारी खात होते.

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. "मला अंधाराचं काही नाही," ते म्हणाले, "पण माझा अंधार पाहुण्याला कशाला?"

तेव्हापासून घरात दिवा लागलाय की नाही यावर त्यांनी स्वतः लक्ष ठेवायचं ठरवलं. जुने पिवळे बल्ब होते तोवर ते जमलं. हात जवळ नेला की धग लागायची. मग एलईडी आले. ते लागले काय, न लागले काय, थंडच. त्यातून जिन्याच्या दिव्याला वर एक बटण, खाली एक बटण. बटण चाचपून काही कळायचं नाही. "माझे डोळे दोनदा गेले," अण्णा म्हणायचे, "एकदा तापात आणि एकदा एलईडीत."

यावर उपाय सापडला तो फोनमध्ये. हुबळीतल्या एका अंध शिक्षकांनी त्यांना सांगितलं की उजेड ओळखायचं ॲप असतं, फुकट मिळतं. फोनचा कॅमेरा समोर धरायचा. अंधार असला तर फोन खाली, जाड आवाजात घूं करतो. उजेड वाढत जाईल तसा आवाज वर चढत जातो, आणि भर उन्हात धरला तर चक्क शिट्टी वाजते.

त्यानंतरचे काही दिवस अण्णांनी सगळ्या घराचा उजेड ऐकून काढला. देवघरातली समई ऐकली. तिच्यासमोर हात आडवा धरून स्वतःची सावली ऐकली. पूर्वेची खिडकी, पश्चिमेची खिडकी, अक्कांची नवी नऊवारी आणि जुनी नऊवारी. "नवी जास्त वाजते," असा निकाल दिला. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही लोक नुसते बघता. केव्हा ढग येतो आणि जातो ते तुम्हाला कळतही नाही. मी आत्ता एक आख्खा ढग ऐकला."

अक्कांना फार वर्षांचा एक संशय होता. फ्रिजचं दार लावल्यावर आतला दिवा खरंच विझतो का? "लागलेलाच राहत असणार," त्या म्हणायच्या. "आपण बघायला गेलो की बघतोच ना आपण, दार उघडून!" एका संध्याकाळी अण्णांनी ॲप चालू करून फोन फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी ठेवला, दार लावलं आणि दाराला कान लावून गुडघ्यावर बसले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. मग ते उठले, हात झटकले. "विझतो," म्हणाले. ही बातमी त्यांनी गल्लीतल्या पाच घरांत जाऊन सांगितली. लोकांनी ती मनापासून ऐकली, कारण ती खरोखरच कुणाला माहीत नव्हती. फोन मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत इडलीच्या वासाचा होता.

आम्हा भाडेकरूंचे मात्र हाल सुरू झाले. संध्याकाळी बाहेरच्या जिन्यावरून "घूं... ऊं... उई" असा आवाज वर येऊ लागला की ओळखायचं, अण्णा तपासणीला निघाले. ते दाराबाहेरच थांबत. सभ्य माणूस. तिथूनच फोन झरोक्याकडे धरत. "मास्तर, न्हाणीघरात कुणी आहे का?"

"नाही अण्णा."

"मग दिवा कुणासाठी जळतोय?"

बायकोनं झरोक्याला आतून वर्तमानपत्र चिकटवलं. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "तुमचं न्हाणीघर आजकाल उजेड गिळतंय. काय लावलंत?" तिनं मुकाट्यानं पेपर काढला.

गल्लीच्या तोंडाचा दिवा लागत नव्हता तेव्हा त्यांनी वीज ऑफिसात फोन केला. मी शेजारीच होतो. ऑपरेटरच्या त्या गोड, घोटीव कन्नडमध्ये त्यांनी खांब कुठला, दिवा कुठला ते सांगितलं. पलीकडच्यानं विचारलं, दिवा बंद आहे हे तुम्ही नीट बघितलंत का?

"बघितलं नाही री," अण्णा म्हणाले, "मी आंधळा आहे. ऐकलं."

पलीकडच्यानं फोनच ठेवला. पण माणूस आला आणि दिवा लावून गेला. अण्णांनी खांबाखाली उभं राहून तो ऐकला आणि पावती दिल्यासारखी मान हलवली.

गंमत बिघडायला सुरुवात झाली ती पुढच्या वर्षी, बाहेरच्या खोलीच्या ट्यूबलाईटवरून. "ही ट्यूब गेली," अण्णा एका संध्याकाळी म्हणाले. ट्यूब चांगली लागली होती. मी तसं सांगितलं. "मंद झाली असेल मग," ते म्हणाले आणि त्यांनी वायरमनला बोलावून नवीन बसवून घेतली. ती ऐकली. "हीसुद्धा मंदच." वायरमननं तिच्याहून मोठी बसवली. अण्णा फोन घेऊन खोलीभर फिरले आणि चिडले. "अहो, अंधारात फोन निदान घूं तरी करतो. इथं तेही नाही. म्हणजे अंधारापेक्षा अंधार!"

वायरमननं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. त्यानं शेवटी लग्नाच्या मांडवाबाहेर लावतात तसला एक फोकस आणून भिंतीत ठोकला. तो लागला तेव्हा समोरच्या घरातल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. भिंतीवरची पाल त्या दिवशी जी गेली ती परत आली नाही. अक्कांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा शोधून काढला आणि तो लावून त्या भाजी निवडायला बसू लागल्या. येणारे पाहुणे कपाळावर हात धरून चहा प्यायचे. अण्णा त्यांना परत परत विचारायचे, "अंधार नाही ना वाटत?" आणि पाहुणे डोळे मिटून सांगायचे, "छे छे, अण्णा."

इतरही लहानसहान गोष्टी होत होत्या, पण आम्ही त्यांची मोळी बांधली नव्हती. गल्लीतल्या चिमण्या गेल्या अशी अण्णा तक्रार करायचे. "आजकालची माणसं तोंडात घास ठेवून बोलतात," म्हणायचे. नुसत्या खोकण्यावरून माणूस ओळखणारे अण्णा, माझ्या बायकोला एकदा "कोण?" म्हणाले. तिला वाटलं, चेष्टा करतात.

मग उन्हाळ्यातला एक रविवार. अक्का अंगणात पापड वाळत घालत होत्या, मी त्यांना चादर ताणून धरायला मदत करत होतो. अण्णा फोन हातात घेऊन उघड्या डोक्यानं बाहेर आले आणि अंगणाच्या मध्ये उभे राहिले. फोनमधून अशी काही शिट्टी निघाली की शेजारचं कुत्रं गळा काढून रडायला लागलं. वरून बायकोनं डोकावून पाहिलं, तिचे दोन्ही हात कानांवर होते.

"अक्का," अण्णा म्हणाले, "ढग आलेत. पापड आत घे."

अक्कांनी वर पाहिलं. आभाळात नावालाही काही नव्हतं. "अरे, ऊन आहे की चांगलं."

"फोन गप्प आहे."

"गप्प?" अक्का म्हणाल्या. "अरे, तो केव्हापासून कोकलतोय!"

अण्णांनी फोन उजव्या कानाला लावला. मग डाव्या. मग आपला तळहात सावकाश डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. टक्कल तापून चटका बसत असणार. कुत्रं रडतच होतं.

"बिघडलाय," ते म्हणाले आणि आत गेले.

फोन दुरुस्त करायला हुबळीलाच जायचं, असं त्यांनी ठरवलं. धारवाडच्या दुकानदारांवर त्यांचा अचानक विश्वास उरला नव्हता. ते का, हे मला कळत होतं. आपल्या गावात नको होतं त्यांना. दाजीबानपेठेच्या पुढच्या एका दुकानात आम्ही गेलो. दुकानदार भला माणूस. त्यानं फोनच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढली, टेबलावरच्या दिव्यासमोर फोन धरला. शिट्टीनं दुकानातली सगळी माणसं वळून पाहायला लागली. "अज्जार, साउंड चलो ऐतरी," तो म्हणाला. आवाज चांगला आहे, आजोबा. त्यानं फोन बंद केला आणि अण्णांच्या हातात दिला.

अण्णांनी तो कानाशी धरला. चेहऱ्यावर हसू आणलं. "हां," म्हणाले, "आता आला."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहायचं टाळलं.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसले होते. रायापूर मागं पडलं तेव्हा म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. मी आला म्हटलं तेव्हा फोन वाजत नव्हता ना?"

"नाही अण्णा. बंद होता."

"हं." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आणि चिमण्या? आहेत का हो?"

"आहेत. तुमच्या पेरूवरच असतात. सकाळी कलकलाट असतो."

"बरं झालं," ते म्हणाले. "वर्षभर मी लोकांना सांगत फिरतोय की चिमण्या मेल्या म्हणून." मग त्यांनी चेहरा खिडकीकडं वळवला. "डोळ्यांची लाईन लहानपणीच गेली. तिची तक्रार नाही. पण ही दुसरीही गेली तर बोर्डावर राहिलं काय, मास्तर?"

गणिताच्या मास्तरला याचं उत्तर येत नसतं. आम्ही धारवाडला उतरलो.

कान तपासायला त्यांना अक्कांनी नेलं, म्हणजे ओढतच नेलं. मीही होतो. काचेच्या बंद खोलीत अण्णांना बसवलं, कानाला हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी तरुण होती. अण्णा भराभर बटण दाबू लागले. अक्कांचा चेहरा उजळला. मुलगीही आधी खूश झाली, मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं यंत्रावरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले आणि नुसती बसून राहिली. आत अण्णा बटण दाबतच होते.

ती खोलीचं दार उघडून म्हणाली, "आजोबा, मी काही आवाज सोडलाच नव्हता."

"अंदाज घेत होतो," अण्णा म्हणाले. "तुम्ही दर वेळी सारखंच अंतर ठेवता. ऑपरेटरला ते लगेच कळतं. थोडं मागंपुढं करावं माणसानं."

तिला हसू आवरेना. तिनं पुन्हा सगळी तपासणी घेतली, या वेळी मागंपुढं करून. निकाल सरळ होता. वरचे, बारीक आवाज गेले होते. मधले कमी झाले होते. यंत्र लावलं तर बोलणं पुष्कळ कळेल. वरचं आता परत येणार नाही, आणि वयाबरोबर आणखी खाली उतरत जाईल. "सावकाश," ती म्हणाली, "पण जाईल." मग तिनं अण्णांचा फोन मागून घेतला आणि त्या ॲपमध्ये थोडं शोधून म्हणाली, "यात आवाजाऐवजी कंपनही ठेवता येतं, आजोबा. उजेड वाढला की फोन हातात जोरानं थरथरतो. ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी असतं."

"ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी," अण्णा म्हणाले. "मला येतं." फोन त्यांनी काढून घेतला. रिक्षात बसल्यावर अक्कांना म्हणाले, "उजेड चाचपायचा म्हणे! मी काय बाजारात आंबे घेतोय?"

कानातलं यंत्र आलं. पहिल्या दिवशी घरात जे भांडण झालं ते आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं. अक्का गेली दोन वर्षं अण्णांना पाठीमागून हळू आवाजात जे जे बोलत होत्या, ते आता त्यांच्या कानापर्यंत पोचत होतं. "म्हसोबा म्हणालीस मला!"

"आज नाही म्हणाले. रोजच म्हणते."

"रोज?"

यंत्रानं माणसं परत दिली, पण शिट्टी दिली नाही. अण्णांनी उजेडाचं ॲप उघडणं सोडून दिलं. जिन्यावरचा तो आवाज बंद झाला. आमच्या न्हाणीघरातला दिवा एकदा दिवसभर लागलेला राहिला आणि कुणी काही म्हणालं नाही. बायको म्हणाली, "मला हे बरं वाटत नाही हो." मलाही वाटत नव्हतं. अण्णा खुर्चीत बसून असायचे. भिंतीतला तो फोकस अक्कांनी काढून टाकला तरी विचारलं नाही.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी मी शाळेला निघालो असताना त्यांनी हाक मारली.

"मास्तर, माणूस बहिरा होत चालला की फोनवर भलतीच उत्तरं देतो, नाही का?"

"देत असेल."

"आणि मग उचलतच नाही."

"असं होऊ शकतं. का?"

तेव्हा त्यांनी बेळगावबद्दल सांगितलं. बँकेच्या बेळगावच्या शाखेतही एक अंध ऑपरेटर होते. नोकरीभर या दोघांचं रोज बोलणं. भेटी मोजक्याच. एकमेकांना नावानं कधी हाक मारली नाही. हे म्हणायचे, "बेळगाव, बोल." ते म्हणायचे, "धारवाड, बोल." निवृत्तीनंतरही आठवड्याला फोन असायचा. मग बेळगाव विचित्र वागायला लागले. अण्णांनी विचारलं, अक्काला ताप आहे, काय करू, तर पलीकडून उत्तर आलं, "उत्तम झालं, पेढे पाठव." अण्णांना राग आला. पुढं बेळगावांनी फोन घेणंच बंद केलं. अण्णांनी जाहीर केलं की बेळगाव माजला, आणि नाव टाकलं.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "आवाज ओळखणं एवढंच मला येत होतं." मग म्हणाले, "रविवारी मोकळे आहात का? बेळगावला जायचं."

शहापूरच्या गल्लीतलं घर आम्ही विचारत विचारत शोधलं. बेळगावांच्या सुनेनं दार उघडलं. अण्णांनी कोण ते सांगितल्यावर तिनं पदर सावरून नमस्कार केला. "तुमचं नाव घरात फार ऐकलंय. पण मामंजींना आता अजिबातच ऐकू येत नाही हो. तुम्ही आलात ते सांगणार कसं? आम्ही हातावर अक्षरं काढतो, त्यातली निम्मी त्यांना कळतात."

तिनं आतल्या खोलीचं दार ढकललं. खोलीत दिवा नव्हता. खाटेवर एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. आमच्यामागून दिवसाचा उजेड आत पडला, तशी त्यांनी मान वळवून तोंड बरोबर दाराकडं केलं. "कोण आलंय?" मोठ्यानं म्हणाले. "या की आत. दारात उभं राहू नका."

अण्णा थबकले. "याला कसं कळलं?"

"खिशात फोन आहे ना त्यांच्या," सून म्हणाली. "कॅमेरा बाहेर राहील असा. दार उघडलं, उजेड आला, की तो छातीवर थरथरतो. म्हणून आम्ही खोलीत दिवा लावत नाही. त्यांनीच शोधून काढलं हे."

मी पाहिलं. सदऱ्याच्या खिशातून फोनचं टोक वर आलं होतं आणि कापड हलत होतं. अण्णांनी पुढं होऊन हात लावला, आधी खांद्याला, मग खिशाला. बराच वेळ त्यांनी तळहात तिथं ठेवला. मग खाटेवर समोर बसले आणि म्हाताऱ्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"कोण आहे?" बेळगाव म्हणाले.

अण्णांनी त्यांची बोटं सरळ केली आणि त्यांच्यावर आपली बोटं दाबायला सुरुवात केली. चार बोटं, मग तीन, मग पुन्हा चार. मला आधी कळेना. मग ध्यानात आलं. ब्रेलमध्ये प्रत्येक अक्षर टिंबांच्या सहा जागांतून बनतं, आणि अण्णा दोन्ही हातांच्या तीन-तीन अशा सहा बोटांवर टिंबं उमटवत होते, ब्रेलच्या टाइपरायटरवर टाईप करावं तसं. दोघंही अंध शाळेत शिकलेले. घरच्यांना ब्रेल येत नव्हतं, म्हणून कुणाला हे सुचलं नव्हतं.

बेळगावांचा चेहरा आधी कोरा होता. मग ओठ हलायला लागले. "धा... र..." आणि ते असे ओरडले की सुनेच्या हातातलं पाण्याचं भांडं हिंदकळलं. "धारवाड! मेल्या, कुठं तडफडला होतास?"

पुढं जे झालं त्याला गप्पा म्हणता येणार नाही. ते भांडण होतं. बेळगाव ओरडत, अण्णा त्यांच्या बोटांवर दाण दाण टिंबं हाणत. मधेच बेळगाव म्हणत, "खोटं! मी पेढे म्हणालोच नव्हतो!" की अण्णा तीच बोटं पुन्हा, जोरानं. सून दाराला टेकून पदरानं डोळे पुसत होती आणि हसत होती. चहा आला, निवला, पुन्हा आला. एका क्षणी हे प्रकरण हातघाईवर येतंय असं वाटून मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला, तर त्यांनी तो झटकला. "मधे बोलू नका. लाईन चालू आहे."

मग अण्णांनी पुष्कळ वेळ काहीतरी सावकाश सांगितलं. बेळगाव ओरडायचे थांबले. त्यांनी आपले हात सोडवून घेतले, चाचपत अण्णांच्या कानापर्यंत नेले आणि कानातलं यंत्र बोटांनी ओळखलं.

त्यानंतर ते एक शब्दही बोलले नाहीत. आता त्यांनी अण्णांची बोटं हातात घेतली आणि ते त्यांच्यावर टिंबं उमटवू लागले. त्यांना बोलता येत होतं. अण्णांना यंत्रामुळं ऐकूही येत होतं. तरी ते बोटांनीच सांगत राहिले, आणि अण्णा मान खाली घालून, कपाळाला आठ्या घालून, पहिलीतल्या पोरासारखे ते वाचत राहिले. चुकले की बेळगाव त्यांच्या हातावर चापट मारत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

निघताना ऊन उतरलं होतं. बस लागली तशी अण्णांनी फोन काढला. पडद्यावरचं वाचून दाखवणारी त्यातली बाई भराभरा बोलू लागली. त्यांनी ॲप उघडलं, आवाज बंद केला, कंपन चालू केलं आणि फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला.

कित्तूर गेल्यावर मला राहवलं नाही. "एवढा वेळ काय सांगत होते ते?"

"माझा हात फार सावकाश वाचतो म्हणाला. रोज सराव कर म्हणाला, दर महिन्याला येऊन परीक्षा दे." अण्णा थोडे घुश्शातच होते. "मी म्हटलं, येतो. पण आधी तू तुझं शुद्धलेखन सुधार. आख्खी दुपार ऱ्हस्व-दीर्घ एकही बरोबर दाबलं नाही त्यानं."